मैदानाकडे पाठ

मंगळवार, ४ ऑगस्ट

सामना बावीस तारखेलाच होणार, हे रग्बी लीगचे सेक्रेटरी सोआकाई यांनी आज राजधानीहून, नुकुआलोफाहून, फोनवर पक्कं केलं. अटही पुन्हा सांगितली. वावाऊच्या तेरा जणी मैदानात उतरल्या तर पुढच्या वर्षीच्या महिला स्पर्धेत आमच्या बेटाला जागा. हरलो तरी चालेल. बाराच उतरल्या तर ती जागा दुसऱ्या बेटाला.

"चौदा आहेत ना तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"आहेत," मी म्हणालो. फोन ठेवला आणि दुपारपर्यंत त्या तेरा झाल्या. आनाला व्हिसा मिळाला. ती ऑस्ट्रेलियात फळं तोडायला चालली आहे. तिला कसं अडवणार? मागच्या वादळापासून त्यांच्या घरावर ताडपत्री आहे.

संध्याकाळी मी मैदानावर फळा उभा केला आणि खेळाचं गणित परत समजावलं. समोरच्यांनी सहा वेळा पाडेपर्यंत चेंडू आपला, मग त्यांचा. तेव्हा पाचव्या टॅकलनंतर काय करायचं ते आधीच ठरलेलं हवं. जुनी पंधरा जणांची रग्बी बघत वाढलेल्या या मुलींना ते पटकन उमगत नाही, असं मला वाटतं. माना मात्र सगळ्या डोलावतात. माझी विका, कर्णधार, जांभई देत होती.

"फिलिमोने, तू बातम्या लिहितोस तसंच शिकवतोस," मानू म्हणाला. "शेवटी हवामान सांगशील म्हणून आम्ही थांबलो होतो."

मानू माझा मदतनीस. मासळीचा ट्रक चालवतो. मूळचा हापाई बेटाचा, इथे घरजावई. "या बेटावर मला एकही बहीण नाही, हीच माझी पात्रता," असं तो सगळ्यांना सांगतो. लोक हसतात, पण खोटं नाही. आमच्यात चुलत, मावस, मामे, सगळ्या बहिणीच; आणि बहीण अर्ध्या चड्डीत मातीत लोळताना भावाने बघायचं नसतं. सराव सुरू झाला की गावातले तरुण समुद्राच्या बाजूने वळसा घालून घरी जातात. माझ्या संघातल्या सगळ्या जणी माझ्या लेकीच्या वयाच्या, नात्याने पुतण्या नाहीतर भाच्या. मला बघायला हरकत नाही. म्हणून मी प्रशिक्षक. याहून मोठं कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

गुरुवार, ६ ऑगस्ट

मुली सुधारत आहेत. मानूनेही ते मान्य केलं, म्हणजे दोन ठिकाणांहून खात्री झाली.

बुधवारी माझी रेडिओवर संध्याकाळच्या बातम्यांची पाळी असते. त्या दिवशी त्या आपापला सराव करतात. तरी गुरुवारी दर वेळी काहीतरी नवं घेऊन येतात. आज वाईलेआला दोघींनी कमरेत धरलं, तर तिने पडता पडता पाठीमागून चेंडू विकाच्या हातात सरकवला. बघितलंसुद्धा नाही.

"हे कुठे शिकलात?"

"फळ्यावर होतं ना, बाबा," विका म्हणाली. बाकीच्या सगळ्या एकदम बुटांच्या नाड्या बांधायला लागल्या.

मी नेमकं तसं काढलं नव्हतं. पण तत्त्व तेच. मंगळवारी सांगितलेलं दोन दिवस त्यांच्या डोक्यात मुरत असावं.

सरावानंतर तेलेसियाताईकडून लू आले, अळूच्या पानांत नारळाच्या दुधात शिजवलेलं मटण, सगळ्या जणींना पुरून उरतील इतके. ताई माझी थोरली बहीण. जास्वंदीच्या कुंपणापलीकडे राहते, चटया विणते. बारा वर्षं ऑकलंडला होती, दोन वर्षांपूर्वी परत आली. नाक जरा वाकडं झालं आहे; तिकडे जिन्यावरून पडली होती. आम्ही एकमेकांशी बोलतो ते पाऊसपाणी, चर्च आणि आईची कबर याबद्दल. बाकी सगळं लुपेमार्फत. लुपे माझी बायको. ताईच्या अंगणात बायका हसत असल्या आणि मला कुंपणाजवळून जायचं असलं की मी आधी खोकतो. हसणं थांबतं, मग मी जातो. तिचा मान माझ्याहून वर आहे आणि माझ्या मुलीवर तिचा शब्द माझ्याहून वर. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, रीत आहे.

"वन्सं विचारत होत्या, मुलींच्या मांड्या दुखतात का," लुपे म्हणाली.

"त्यांना काय करायच्यात मुलींच्या मांड्या?"

"काळजी वाटते, आत्या आहेत," लुपे म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

रविवार, ९ ऑगस्ट

चर्च, भट्टीतली कोनफळं, झोप. आज खेळ नाही, काम नाही, शिट्टीसुद्धा नाही. मला बसवेना. व्हरांड्यात चारदा उठलो.

"खुर्चीत काटे आहेत का?" लुपेने विचारलं.

तेराच्या तेरा, राखीव एकही नाही. एकीचा पाय मुरगळला की संपलं.

मंगळवार, ११ ऑगस्ट

वाईलेआ येणार नाही. तिचे वडील सुनिआकाका यांनी स्वतः सांगितलं. ते चर्चचे ज्येष्ठ, म्हणून सगळेच त्यांना मानाने काका म्हणतात; त्यांचं नाही म्हणजे नाही.

कमरेला मानाची चटई बांधून, भेट म्हणून कावाची मुळी घेऊन मी त्यांच्याकडे गेलो होतो.

"पोरगी चांगली खेळते म्हणे," ते म्हणाले.

"बेटावर दुसरी नाही तिच्यासारखी, काका."

"असेल. पण तिचे दोघे भाऊ नुकुआलोफाच्या गोदीत कामाला आहेत. आपल्या बेटाचा संघ खेळणार, ते येणारच. त्यांनी डोळे कुठे ठेवायचे? काढून माझ्याकडे पाठवायचे?"

"त्यांना येऊ नका म्हणून सांगू."

"का? त्यांनी काय गुन्हा केला? आणि तू मला सांग, तुझी बहीण उतरली असती तर तू गेला असतास?"

पडद्यामागे कुणीतरी अळूचे कंद सोलत होतं. तो आवाज थांबला. कावाची मुळी काकांनी ठेवून घेतली. म्हणजे राग नाही. नकार मात्र पक्का.

परत येताना चरफडलो. सुनिआकाकांवर नाही. त्यांनी विचारलं त्याचं माझं उत्तर त्यांच्यासारखंच होतं, म्हणून.

बारा.

गुरुवार, १३ ऑगस्ट

तेरावी मिळाली, असं मानूचं म्हणणं आहे. नाव कळलेलं नाही.

रात्री कावा प्यायला वाडग्याभोवती नेहमीचे सगळे होतो. आधी माझीच खेचली.

"रेडिओवर जाहीर कर ना. हरवली आहे, एक बाई. उंची कितीही, वजन भरपूर."

"फळ्याला जर्सी घाल. तो टॅकल झाला तरी पडायचा नाही."

"फळ्यापेक्षा फिलिमोनेच्या सासूबाईंना घ्या. मी त्यांना मागच्या वर्षी डुकराला आडवं करताना पाहिलंय."

तेवढ्यात मानू म्हणाला, "तेरावी आहे आपल्याकडे."

"कोण?"

"आहे एक. चाळिशीला टेकलेली."

"खेळली आहे कधी?"

"तुझ्यापेक्षा जास्त."

सगळे फिदीफिदी हसले.

"अरे, पण नाव काय?"

हसणं बंद. कुणी छपराकडे बघत होतं, कुणी गिटारची तार पिळत होतं. वाडग्याशी बसलेल्या म्हाताऱ्याने करवंटी भरून माझ्यापुढे धरली. "घे, फिलिमोने, निवतंय."

कावा मुळात गारच असतो.

घरी येताना विचार केला. नवीन पोलीस आला आहे त्याची बायको असणार. बाहेरची आहे, खांदेही रुंद आहेत. पोलिसाच्या बायकोचं नाव चव्हाट्यावर घ्यायला लोक कचरत असतील. तसंच असणार. उद्या चौकशी करतो.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

पोलिसाची बायको सात महिन्यांची गरोदर आहे. पोलिसानेच सांगितलं, जरा चकित होऊन.

शनिवार, १५ ऑगस्ट

सकाळी नीरफणस काढायला शिडीवर चढलो. तिथून कुंपणापलीकडचं दिसतं. ताईने संघाच्या जर्सी धुवून वाळत घातल्या होत्या. लुपेने तिला दिल्या असतील. पुढे, खांबाजवळ, आणखीही काही होतं.

बहिणीच्या दोरीवरचे कपडे माणूस बघत नाही. तेव्हा मी काय पाहिलं ते लिहिण्याचा प्रश्न नाही. तळाचे खिळे झिजलेले काळे बूट होते, एवढं म्हणायला हरकत नाही. बूट म्हणजे कपडे नव्हेत.

नीरफणस न काढताच उतरलो. दिवसभर गावभर फिरलो. धक्क्यावर गेलो, बोट नव्हती. मैदानावर गेलो, कुणी नव्हतं. गोलखांबाला रंग लावायचा राहिला होता म्हणून डबा उघडला, तर रंग वाळलेला.

सोमवार, १७ ऑगस्ट

मी नुकुआलोफाला जाणार नाही, असं आज लुपेला सांगून टाकलं. रेडिओवर काम आहे म्हणालो.

"काय काम?"

"बातम्या."

"कसल्या? सगळं बेट बोटीत बसून चाललंय. मागे डुकरं राहणार. डुकरांच्या बातम्या देणार का?"

"लुपे, मला तिथे उभं राहता येणार नाही."

"का?"

"तुला माहीत आहे का."

"मला काहीच माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे का?"

"नाही."

"मग झालं तर."

विका दारातून ऐकत होती. ती आत आली. माझ्यासमोर आवाज चढवणारी मुलगी नाही ती, आज चढवला. "बाबा, दोन वर्षं दर गुरुवारी तुम्ही विचारता, हे कुठे शिकलात. बुधवारी कोण येतं, ते मात्र एकदाही विचारलं नाही."

"तुम्ही आपापला सराव करता."

"आपापला!" तिने हात जोडून कपाळाला लावले. "बारा पोरी आपोआप शिकल्या! बाबा, तुम्ही त्या खोलीत बसून जगभरच्या बातम्या काढता."

"विका," लुपे म्हणाली.

विका थोडी शांत झाली. "निरोप आहे. आत्याचा. बोटीत तुम्ही वर, त्या खाली. मैदानात तुम्ही पाठ करून उभं राहायचं. पण यायचंच. प्रशिक्षक नाही तर संघ नाही, असं त्या म्हणाल्या."

"त्या कुठे चालल्या आहेत बोटीने?"

"चटया विकायला," विका म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. थेट आपल्या आत्यावर गेली आहे.

थोरल्या बहिणीचा निरोप. नाही कसं म्हणणार? एका रीतीने जायचं नाही, दुसऱ्या रीतीने जायलाच हवं. बारा वाजून गेले, झोप नाही. कुंपणापलीकडे दिवा आहे.

गुरुवार, २० ऑगस्ट

पोचलो. वाटेत समुद्र खवळलेला. मी वरच्या डेकवर कोनफळांच्या टोपल्यांमध्ये, मुली खाली. रात्री खालून गाणी येत होती. मध्येच एक हसण्याचा आवाज आला, मोठा, पोटातून आलेला. लहानपणी असा आवाज आमच्या घरात होता. मग आम्ही मोठे झालो.

सवयीने खोकणार होतो. तोंडावर हात ठेवला.

शनिवार, २२ ऑगस्ट

वावाऊच्या तेरा जणी मैदानात उतरल्या. सोआकाईंनी स्वतः मोजून खात्री केली. जागा मिळाली. सामना हरलो, सोळा-चौदा.

हे सगळं मला सांगण्यात आलेलं आहे. मी काही पाहिलं नाही.

मैदानाच्या एका बाजूला दोरी, दोरीबाहेर मी, तोंड रस्त्याकडे. समोर टायरचं दुकान आणि एक बांधलेला कुत्रा. मानू माझ्या शेजारी, तोंड मैदानाकडे. आम्ही दोघे उलटसुलट ठेवलेल्या चपलांसारखे दिसत असणार. सामना सुरू व्हायच्या आत माझ्या डाव्या हाताला एक तरुण येऊन उभा राहिला, तोही पाठमोरा. मग आणखी दोन. मग पाच-सहा. इथे कामाला असलेले आमच्या बेटाचे मुलगे, संघातल्या मुलींचे भाऊ. एकाने भाजलेले दाणे आणले होते, ते रांगेतून फिरवले.

दोघे उशिरा आले, गोदीचे बूट घातलेले. सुनिआकाकांचे मुलगे.

"वाईलेआ कितव्या नंबरवर आहे, काका?" थोरल्याने विचारलं, पाठमोरा उभा राहत.

"ती आली नाही. तुमच्या वडिलांनी पाठवलं नाही."

"का?"

"तुम्ही याल म्हणून."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आम्ही तर आज सुट्टी घेतली," धाकटा म्हणाला. "असं उभं राहायलाच."

माझ्या हातातले दाणे तसेच राहिले. अकरा तारखेला मी त्यांच्या घरी बसलो होतो. हे मला का सुचलं नाही? सुनिआकाकांना सुचलं नाही ते सोडा. बातमी खरी की खोटी ते दोन्हीकडे विचारून घ्यायचं, हे मी नव्या पोरांना शिकवतो. आणि या दोघांना साधा फोन केला नाही.

सामन्याचं मानूच्या तोंडून कळलं तेवढंच. "पाडली. पाडली. आपला चेंडू. अरे, अरे, ही तर... गेली! गेली! रेषेपार टेकवला! ट्राय! विका!" रांगेतले सगळे पाठमोरेच उड्या मारत होते. कुत्रा भुंकायला लागला.

"पास कुणी दिला?"

"एकीने," मानू म्हणाला.

उत्तरार्धात गर्दीतून एकदम आवाज उठला, ओढून घेतलेल्या श्वासासारखा. मग सगळं शांत. मानूही गप्प.

"मानू."

काही नाही.

"मानू, बोल की रे!"

"एक जण पडली आहे."

"कोण?"

"तेरावी."

मान वळवायला किती वेळ लागतो? माझे हात दोरीला घट्ट धरून होते, मागच्या मागे. सुनिआकाकांच्या थोरल्या मुलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला आवरायला की धीर द्यायला, कळलं नाही. टायरच्या दुकानावर 'आज बंद' असं लिहिलेलं होतं, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं.

"बसली उठून," मानू म्हणाला. "नाकातून रक्त येतंय. रेफरी बाहेर जा म्हणतोय."

"मग?"

"मग काय, ती त्यालाच बाहेर जा म्हणतेय."

गर्दी हसली. मला ऑकलंडचा तो जिना आठवला. किती पायऱ्यांचा, कुठल्या इमारतीत, हे मी कधीच विचारलं नव्हतं.

शेवटच्या मिनिटाला विकाचा दुसरा ट्राय. चौदा झाले. ट्रायवरची दोन गुणांची किक खांबाला लागून बाहेर गेली. त्याचा आवाज मी स्वतः ऐकला. ती एकच गोष्ट मानूच्या आधी मला कळली.

सोमवार, २४ ऑगस्ट

गुरुवारच्या संध्याकाळच्या बातम्याही यापुढे मीच करणार, हे स्टेशनच्या प्रमुखांनी आज सकाळी फोनवर पक्कं केलं. आपणहून जादा पाळी मागणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. "घरी भांडण झालंय का?" त्यांनी विचारलं. नाही म्हणालो.

परतीच्या बोटीत मी वर, बाकी सगळ्या खाली. समुद्र आज बरा आहे. जिन्यावरून विकाच्या खेपा चालल्या आहेत.

"आत्या विचारतात, वळलात का?"

"सांग, एकदाही नाही."

ती गेली, आली. "आत्या म्हणतात, मग खेळातलं काय कळलं तुम्हाला?"

"सांग, मानू भिकार बातमीदार आहे. पहिल्या ट्रायला पास कुणी दिला ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही."

ती गेली. यायला वेळ लागला. मग खालून ते हसणं आलं, पोटातून, आणि लगेच कण्हणं. नाक दुखलं असणार. मी खोकलो नाही.

विका परत आली. "पुढे काय सांगू?"

"आत्याला सांग, गुरुवारीही मी नसेन. रेडिओवर काम आहे. मंगळवारचा दिवस माझा राहू दे, म्हणावं, जमलं तर. आणि फळा हवा असेल तर घरून घेऊन जा."

विकाने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. खाली गेली, वर आली.

"फळा ठेवायचा म्हणतात. बसायला बरा आहे."

सुनिआकाकांच्या मुलांनी आज रात्री वडिलांना फोन करायचं कबूल केलं आहे. काका काय म्हणतात ते त्यांच्यावर. उद्या सकाळी बोट वावाऊला लागेल. गुरुवारी चार वाजता मुली मैदानावर जमतील. वाईलेआ आली तर चौदा होतील. मी त्या वेळी स्टुडिओत असेन. सराव कोण घेणार, याला कुणीही दुजोरा दिलेला नाही. मी मागितलेलाही नाही.